घर, प्लॉट आणि शेअर : धाराशिवच्या जमिनीवरचा हिशोब

निवृत्तीच्या वेळी हातात आलेल्या रकमेचे काय करायचे, या प्रश्नाचे धाराशिव जिल्ह्यातले उत्तर बहुधा आधीच ठरलेले असते. शिक्षक असोत, एसटीतले वाहक असोत की पाटबंधारे खात्यातले कारकून; फंड आणि ग्रॅच्युइटीचा पैसा आला की प्लॉट घ्यायचा, प्लॉट असेल तर बांधायचे, खाली बांधलेले असेल तर वर मजला चढवायचा. मुले पुण्यात नोकरीला. वास्तुशांत होते, पंगती उठतात आणि पुढे त्या वरच्या मजल्याचे कुलूप वर्षातून दोनदा निघते : दिवाळीला, आणि नवरात्रात तुळजापूरला येणे झाले तर.

याच घरातला पंचविशीचा नातू मोबाइल पुढे करून सांगतो, ‘आजोबा, घर म्हणजे अडकलेला पैसा. तोच बाजारात टाकला असता तर तिप्पट झाला असता.’ आजोबा म्हणतात, ‘जमीन बुडत नाही, कागद बुडतो.’ दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे आणि दोघांचेही बोलणे अर्धे आहे. कारण ‘घर की शेअर’ हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न एकत्र बांधलेले आहेत : राहते घर, दुसरे घर आणि मोकळा प्लॉट. या तिघांचा हिशोब वेगवेगळा येतो. तो वेगळा करून दाखवणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न काही आपल्याच जिल्ह्याचा नाही. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या तरुण रामदोराई समितीने २०१७ मध्ये भारतीय कुटुंबांच्या संपत्तीचा अभ्यास मांडला. सरासरी कुटुंबाच्या संपत्तीपैकी ८४ टक्के वाटा घर, जमीन आणि इतर वस्तूंच्या रूपात होता, ११ टक्के सोन्यात आणि जेमतेम ५ टक्के ठेवी, विमा, शेअर अशा आर्थिक साधनांत. म्हणजे शंभर रुपयांतले पंच्याण्णव रुपये हाताला लागणाऱ्या वस्तूंत. आपल्याकडे या सवयीला इतिहासाचाही आधार आहे; पण तो इतिहास नीट वाचला तर तो दोन्ही बाजूंनी बोलतो.

भिंतीवरचा विश्वास

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरच्या परिसरात जमीन हादरली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगात याहून मोठे भूकंप होतात आणि त्यांत इतकी माणसे मरत नाहीत. इथे माणसांना मारले ते घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यावर लाकडी तुळया आणि वर मातीचा जाड थर, म्हणजे आपले माळवद. उन्हाळ्यात थंड राहावे आणि पावसाळ्यात गळू नये म्हणून त्या छतावर वर्षानुवर्षे मातीची भर पडत गेलेली. तो सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला.

त्यानंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे पूर्णपणे नव्या जागी उठवली गेली. जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या त्या योजनेत जमीनधारणेनुसार २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे मिळाली. पिढ्यांनी उभा केलेला वाडा असो की दोन खणांची खोली, त्या पहाटे दोन्हींची बाजारातली किंमत सारखीच, म्हणजे शून्य झाली. शेत मात्र राहिले. सातबाऱ्यावरची जमीन तशीच होती. गेले ते तिच्यावरचे बांधकाम.

यातून निघणारी पहिली गोष्ट अशी : ‘जमीन बुडत नाही’ हे जमिनीपुरते बऱ्याच अंशी खरे आहे, पण घर म्हणजे जमीन नव्हे. घराच्या किमतीतला जमिनीचा भाग वाढतो आणि बांधकामाचा भाग झिजतो. आयकराच्या नियमांत राहत्या इमारतीसाठी वर्षाला ५ टक्के घसारा धरतात, तो उगाच नाही. दहा लाखांच्या प्लॉटवर चाळीस लाखांचा बंगला बांधणाऱ्याची पन्नासपैकी चाळीस लाखांची रक्कम झिजणाऱ्या वस्तूत असते. पीओपीचे छत, संगमरवरी फरशी आणि जिन्याचे स्टीलचे कठडे यांचे पैसे पंधरा वर्षांनी घेणारा माणूस देत नाही. आपल्या जुन्या लोकांना हे ठाऊक होते. ‘घर पाहावे बांधून, लग्न पाहावे करून’ ही म्हण घराला लग्नाच्या शेजारी बसवते. लग्न हा खर्च आहे, गुंतवणूक नव्हे. म्हणीने घरालाही त्याच रकान्यात टाकले आहे.

कागदावरचा अविश्वास

आता दुसरी बाजू. मुंबई शेअर बाजाराचा सेन्सेक्स एप्रिल १९९२ मध्ये ४,४६७ पर्यंत चढला आणि त्याच महिन्यात हर्षद मेहता प्रकरण बाहेर आले. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्येही तो ३,००० च्या आसपासच होता. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ या योजनेतून पैसे परत देणे काही महिन्यांसाठी थांबवले. सुरक्षित समजून त्यात पैसे ठेवणारे नोकरदार देशभर हवालदिल झाले. २००२ मध्ये होम ट्रेड प्रकरण झाले. नावात ‘होम’ असले तरी ती नवी मुंबईतली दलाल कंपनी होती. नागपूर आणि वर्ध्याच्या जिल्हा बँकांबरोबर उस्मानाबाद जिल्हा मध्यवर्ती बँकेचे पैसेही तिच्यात अडकले. बँकेत ठेव होती ती शेतकऱ्याची आणि पगारदाराची.

अशा प्रकरणांची आठवण पुढे ‘शेअरमध्ये पैसे बुडतात’ एवढ्याच शब्दांत उरते. पण नीट पाहिले तर होम ट्रेड हा शेअरचा व्यवहारच नव्हता. बँकांनी सरकारी रोखे घेण्यासाठी दलालाला पैसे दिले आणि रोखे हातात आलेच नाहीत. सरकारी रोखा ही देशातली सर्वांत सुरक्षित वस्तू. बुडाली ती वस्तू नव्हे, ती आणून देणारा मधला माणूस. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनचा भाव पडणे वेगळे आणि आडत्याने पट्टीच न देणे वेगळे.

१९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर कागदाऐवजी डिमॅट खात्यात, म्हणजे थेट धारकाच्या नावावर नोंदले जाऊ लागले. जानेवारी २०२३ पासून विक्रीचे पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी मिळतात. दलालाचा धोका संपला असे नाही, पण पुष्कळ कमी झाला. भाव पडण्याचा धोका मात्र होता तसाच आहे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० ला टेकलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,१६० पर्यंत खाली आला. २३ मार्च २०२० या एकाच दिवशी तो १३ टक्के कोसळला.

तरीही लांब मुदतीत काय झाले? सेन्सेक्सचा पाया १९७८-७९ साली १०० धरलेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ८५,००० च्या वर गेला. वर्षाला सरासरी वाढ सोळा टक्क्यांच्या जवळ. पण ही सरासरी सांगून फशी पाडणारे पुष्कळ असतात, म्हणून मुद्दाम सर्वांत दुर्दैवी माणूस घेऊ. ज्याने १९९२ च्या शिखरावर, अगदी चुकीच्या दिवशी पैसे घातले आणि २०२४ पर्यंत हात लावला नाही, त्याची वाढ वर्षाला साडेनऊ टक्के येते, लाभांश वेगळा. २००८ च्या शिखरावर घातले असतील तर साडेआठ टक्क्यांहून थोडी अधिक. मात्र ही आकडेवारी तीस कंपन्यांच्या निर्देशांकाची आहे. त्यातून बुडत्या कंपन्या काढल्या जातात आणि नव्या येतात. कोणीतरी सांगितली म्हणून घेतलेल्या एकाच कंपनीला हा नियम लागू नाही.

पहिल्या घराचा हिशोब

आता पाटी घेऊन बसू. जिल्ह्याच्या ठिकाणी एक घर ३० लाखांना आहे असे धरू. स्वतःचे ५ लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी आणि किरकोळ खर्चाचे सुमारे २ लाख आणि २५ लाखांचे कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी महिन्याचा हप्ता सुमारे २१,७०० रुपये पडतो. वीस वर्षांत बँकेला ५२ लाख जातात. त्यातले २७ लाख नुसते व्याज. घरपट्टी, रंग, गळती, मोटार यांसाठी पहिल्या वर्षी २५,००० रुपये धरू.

तेच घर भाड्याने घेतले तर महिना ७,००० रुपये धरू. भाडे आणि देखभाल दोन्ही वर्षाला ५ टक्क्यांनी वाढतील. हे आकडे उदाहरणाचे आहेत. वाचकाने आपल्या गल्लीतले आकडे घालावेत. पद्धत बदलत नाही.

भाडेकरूला पहिल्या वर्षी घरमालकापेक्षा महिन्याला सुमारे १६,८०० रुपये कमी लागतात. पुढे भाडे वाढते तसा हा फरक घटत विसाव्या वर्षी ९,३०० वर येतो. समजा त्याने सुरुवातीचे ७ लाख आणि दरवर्षीचा हा फरक इंडेक्स फंडात घातला. दहा टक्के वाढ मिळाली तर वीस वर्षांनी त्याच्याकडे सुमारे १४८ लाख असतील. आठ टक्क्यांनी ११२ लाख आणि सहा टक्क्यांनी ८६ लाख. इकडे ३० लाखांचे घर वर्षाला ६ टक्क्यांनी वाढले तर ९६ लाखांचे होते आणि ८ टक्क्यांनी वाढले तर १४० लाखांचे. थोडक्यात, शेअरला दहा टक्के मिळत असतील तर घराला बरोबरी साधण्यासाठी वीस वर्षे सतत सव्वाआठ टक्क्यांहून जास्त वाढावे लागेल. विकताना दोन्हीकडे कर आहे. जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर दोन्हींना मुख्य दर साडेबारा टक्केच लागतो, म्हणून तो इथे बाजूला ठेवला आहे.

इथे नातू जिंकला असे वाटेल. पण या हिशोबात एक अट दडलेली आहे : भाडेकरूने दर महिन्याचा फरक न चुकता, वीस वर्षे, बाजार पडला तरी घालत राहायचा. समजा त्याने निम्माच घातला. उरलेला गाडीत, मोबाइलमध्ये, पाहुण्यारावळ्यांच्या लग्नात गेला. मग दहा टक्के वाढ धरूनही त्याचे होतात ९८ लाख. घराचे ९६. म्हणजे बरोबरी.

माझ्या मते पहिल्या घराचे खरे मर्म हे आहे. घर जिंकते ते भाव वाढतो म्हणून कमी आणि बँक हप्ता सोडत नाही म्हणून जास्त. पगारातून सक्तीने होणारी ती बचत आहे. शिवाय घराचा भाव रोज टीव्हीवर दाखवत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा घरकिमतींचा निर्देशांक मोठ्या शहरांच्या नोंदींवर उभा आहे. त्यात धाराशिव नाही. सरकारी रेडी रेकनर मुद्रांक शुल्कापुरता. त्यामुळे आपल्या घराचा भाव दोन वर्षे पडला तरी आपल्याला कळत नाही, आणि कळत नाही म्हणून आपण घाबरून विकत नाही. शेअरचे उलटे. तो रोज दिसतो, म्हणून माणूस नको त्या दिवशी विकतो.

राहत्या घराला पैशात न मोजता येणारी किंमतही आहे. घरमालकाने खोली खाली करायला सांगण्याची भीती नाही, विधवेला छत आहे, मुलांच्या शाळेला एक पत्ता आहे. म्हणून हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसत असेल, तर पहिले घर घ्यावे. त्याच्या नफ्यातोट्याचा वाद घालू नये. फक्त त्याचा विमा काढावा. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांकडे ‘भारत गृह रक्षा’ ही ठरावीक नमुन्याची पॉलिसी असते आणि तिच्यात भूकंपही धरलेला आहे. १९९३ पाहिलेल्या जिल्ह्यात घरावर लाखो रुपये घालून विम्याचा हप्ता वाचवणे शहाणपणाचे नाही.

कुलूप लागलेल्या घराचा हिशोब

दुसऱ्या घराची गोष्ट वेगळी. त्यात आपण राहत नाही, म्हणून त्याने भाडे तरी द्यावे किंवा भावात तरी वाढावे. भाड्याने दिले तर वरचाच हिशोब लागू होतो : १४८ विरुद्ध ९६. आणि ‘मुले कधीतरी येतील’ म्हणून ते बंद ठेवले तर? तेवढेच पैसे, म्हणजे सुरुवातीचे ७ लाख, सगळे हप्ते आणि देखभाल, दहा टक्क्यांनी वाढले असते तर २१७ लाख झाले असते. घर ९६ लाखांचे. निम्म्याहूनही कमी.

भावात वाढण्याचे काय? घराचा भाव शेवटी माणसे वाढवतात. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६.५७ लाख होती. आधीच्या दहा वर्षांत ती साडेअकरा टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्र १६ टक्क्यांनी वाढला. शहरी वस्ती अवघी १७ टक्के. २०१८ साली नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आपले नाव घातले. शिकलेली पिढी पुणे, सोलापूर, लातूरकडे जाते. ज्या गावातून आपलीच मुले गेली, तिथे आपले घर वीस वर्षांनी चढ्या भावाने घेणारा कोण असेल, हे बांधण्याआधी विचारायला हवे. उत्तर ‘दुसरा एखादा निवृत्त शिक्षक’ असे असेल, तर त्यालाही तोच प्रश्न पडलेला असणार.

निवृत्त माणसाने सगळी रक्कम शेअरमध्ये घालावी, असा याचा अर्थ नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी २००८ सारखे वर्ष समोर आले तर सावरायला वेळ मिळत नाही. पण घर आणि शेअर यांच्या मध्ये साधा रस्ता आहे. टपाल खात्यातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा एप्रिल २०२३ पासून ३० लाख झाली. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांत तिचा दर ८.२ टक्के होता. ३० लाखांवर दर तीन महिन्यांना ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० रुपये झाले; त्यावर उत्पन्नानुसार कर. त्याच ३० लाखांचा वरचा मजला भाड्याने गेला तर ७,००० देतो आणि बंद राहिला तर घरपट्टी मागतो. सात-आठ वर्षे लागणार नाही एवढीच रक्कम त्याने इंडेक्स फंडात ठेवावी.

प्लॉट आणि वाटणी

मोकळा प्लॉट या दोहोंपेक्षा निराळा. त्यात झिजणारे काही नाही, म्हणून योग्य जागी घेतलेला प्लॉट घराहून चांगली वाढ देऊ शकतो. रस्ता चौपदरी झाला, सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेमार्गाचे काम पुढे सरकले की कडेचे भाव हलतात. पण बातमी आपल्यापर्यंत येते तोवर ती भावात मिसळलेली असते. दुसरा धोका कागदाचा. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतातले एक-दोन गुंठे परस्पर घेतलेल्यांची खरेदीखते वर्षानुवर्षे अडली. गावठाणातल्या घरांना ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो, पण ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. म्हणूनच बँक त्यावर कर्ज द्यायला कचरते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतून गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मालमत्ता पत्रके मिळू लागली आहेत. आपल्या गावात ती आली असतील तर हयात असतानाच घेऊन, नावे तपासून ठेवावीत.

आणि शेवटी वाटणी. तीन भावंडांत एक घर वाटता येत नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीही समान वारस आहेत. बहिणीच्या हक्कसोड पत्रावर घर टिकवण्याचे दिवस सरत चालले. एकाला ठेवायचे, दुसऱ्याला विकायचे, तिसऱ्याला भाव पटत नाही. फंडाची तीनशे युनिट शंभर-शंभर वाटता येतात. दवाखान्याला दोन लाख लागले तर दोन लाखांचीच युनिट विकता येतात. घराचा एक कोपरा विकता येत नाही. मात्र डिमॅट खात्यात नॉमिनी लावला की काम झाले, हा समज खोटा आहे. नॉमिनी त्यामुळे शेअरचा मालक होत नाही, वारसांचा हक्क कायम राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. इच्छापत्र दोन्हीसाठी हवे.

नातवालाही एक गोष्ट सांगायला हवी. मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करणे म्हणजे शेअरमधली गुंतवणूक नव्हे. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत फ्यूचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांना तीन वर्षांत तोटा झालेला दिसला. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. त्यापेक्षा आजोबांचे कुलूपबंद घर शतपटीने बरे. ते निदान उभे तरी आहे.

तेव्हा दुसऱ्या घरासाठी किंवा प्लॉटसाठी इसार देण्याआधी घरातल्या सगळ्यांनी, मुलीसुद्धा, एकत्र बसून तीन प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावीत. इथे दहा वर्षांनी कोण राहणार, नावानिशी? आज हे भाड्याने दिले तर वर्षाचे भाडे किमतीच्या किती टक्के? आपल्यामागे याची वाटणी कशी होणार? पहिल्या उत्तरात नाव नसेल, दुसऱ्यात तीन टक्केही येत नसतील आणि तिसऱ्यावर सगळे गप्प बसत असतील, तर इसार देऊ नये.